दोन रात्रींचा भाडेकरू

आमच्या आजोबांनी १९५८ साली वाड्याच्या माडीवरची एक खोली एका शाळामास्तरांना दोन महिन्यांसाठी दिली. मास्तर बदली होऊन पुण्यात आले होते, बिऱ्हाड हलवायचं होतं, कायमची जागा मिळेपर्यंत आसरा हवा होता. भाडं महिना अठरा रुपये ठरलं. त्या दोन महिन्यांना आता सदुसष्ट वर्षं झाली. मास्तर गेले, मास्तरांचे चिरंजीव गेले. चिरंजीवांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्याच खोलीत आहेत आणि ठणठणीत आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या लिफाफ्यातून ३६ रुपये आणून देतात आणि पावती हातात पडल्याशिवाय जिना चढत नाहीत.

या ३६ रुपयांमागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी अशी गोठवली होती की हिमालयानेही लाजावं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा मिळाली. त्या दिवशी बाबांनी घरात पेढे आणले. काकूंनीही एक घेतला आणि मग वाढ कशी मोजायची ते विचारलं. बाबांनी चक्रवाढीने आकडेमोड केली होती, काकूंनी सरळव्याजाने. पंचवीस वर्षांनी बाबांच्या पद्धतीने अठराचे अठ्ठेचाळीस होतात, काकूंच्या पद्धतीने छत्तीस. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, पण हिशेब अजून मिटलेला नाही. काकू दर महिन्याला माझ्याकडून पावतीवर लिहून घेतात : 'वादग्रस्त रक्कम रु. १२ वगळून.' आणि खाली वेगळ्या ओळीत : 'चौकातील नळाचे काम बाकी.'

हा नळ १९८७ पासून गळतो आहे. बाबांचं म्हणणं, नळ सामाईक वापरातला, तेव्हा खर्चही सामाईक. काकूंचं म्हणणं, नळ मालकाचा. मधे कुठेतरी एक वॉशर आहे, ज्याची किंमत दोघांनाही तोंडपाठ होती.

दुसरी खोली तळमजल्यावर, चौकाच्या डाव्या हाताला, ओटीला लागून. तिथल्या भाडेकरूंवर बाबांनी १९८३ साली जागा खाली करण्याचा दावा लावला. तारखेच्या दिवशी दोघेही शिवाजीनगरच्या कोर्टात जायचे आणि दोघेही चालत जायचे. एकाच वाड्यातून, एकाच वेळी, एकाच रस्त्याने जाणारे दोन पुणेकर किती वेळ एकमेकांशी न बोलता राहणार? पहिल्या दोन-तीन तारखांना राहिले. मग एकदा पाऊस आला. त्यानंतरची सगळी वर्षं दावा एकमेकांविरुद्ध होता आणि छत्री एक होती. तारीख पुढची मिळाली की परतताना दोघे शनिवारवाड्यापाशी उसाचा रस प्यायचे. पैसे कोण देणार यावर वाद व्हायचा, पण तो कोर्टाबाहेर मिटायचा.

निकाल काही लागला नाही. २०११ मध्ये त्यांच्या मुलाने सिंहगड रोडला फ्लॅट घेतला आणि ते आपणहून गेले. टेम्पो हलला त्या रात्री बाबा जेवले नाहीत. अठ्ठावीस वर्षांचं निमित्त गेलं होतं.

हे सगळं सांगायचं कारण, ज्या खोलीतून माणूस बाहेर काढायला आमच्या घराण्याला अठ्ठावीस वर्षं लागली, त्याच खोलीत आता माणूस यावा म्हणून मी रात्री-अपरात्री फोन उशाशी घेऊन झोपतो. आणि आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत, न सांगता, स्वतःच्या पायांनी निघून जातो.

कल्पना मुलीची. ती बेंगळुरूला असते आणि तिथून आमचं आयुष्य सुधारते. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, खोली रिकामी. मधे काही वर्षं स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर ठेवली होती. नारायण पेठ आणि सदाशिव पेठ मिळून महाराष्ट्राचे भावी तहसीलदार जेवढे पिठलं-भात खातात तेवढं कोणी खात नसेल. पण कोविडात मुलं गावी गेली ती गेलीच. अकरा महिन्यांचा करार करून कुटुंब ठेवायचं म्हटलं, तर मालमत्ता पत्रकावरच्या चौदा नावांपैकी तेरा जणांच्या पोटात गोळा आला. आमच्या चुलत घराण्यात 'भाडेकरू' हा शब्द 'धरण फुटलं' या सुरात उच्चारतात. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मग रात्रीवर द्या ना."

रात्रीवर! पेठेत हा शब्दप्रयोग चारचौघांत करण्यासारखा नाही. बायकोने खिडकी लावून घेतली.

तरीही दिली. दर ठरला रात्रीला २,८०० रुपये. मी तो काकूंना मोठ्याने सांगितला, कारण त्यामागे थोडा सूडही होता. काकूंनी डोळे मिटले, ओठ हलले आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं साडेसहा वर्षांचं भाडं. एका रात्रीत. आणि सकाळी जातात?"

"जातात."

"तुझ्या बाबांना हे सुचलं असतं तर बिचारे कोर्टात म्हातारे झाले नसते." एवढं बोलून त्या वर गेल्या. जिन्यात थांबून म्हणाल्या, "नळाचं तेवढं बघा, मालक." मी काही चांगलं केलं की 'अरे', आणि नळाचा विषय निघाला की 'अहो मालक', हा त्यांचा शिरस्ता आहे.

डागडुजीबद्दल फार बोलत नाही, जखम ताजी आहे. बाजीरावाचा शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला तेव्हा १६,११० रुपये खर्च आला म्हणतात. मला तेवढ्यात एक कमोड, एक गिझर आणि प्लंबरची पहिली चक्कर बसली. संडास पूर्वी चौकाच्या मागे होता, रात्री कंदील घेऊन जायचा. तो खोलीला जोडून आणताना भिंत फोडली तर आत भिंतच निघाली, तिच्या आत माती, आणि मातीत कोणाच्या तरी पणजीने लपवलेलं काहीही नाही. कडीपाटाचं छत मात्र जसंच्या तसं ठेवलं. मुलगी म्हणाली, लोक याच्यासाठीच येतात. कडीपाटातून अधूनमधून मातीचा बारीक कण खाली पडतो. त्यासाठी येतात की नाही हे तिने सांगितलं नाही.

मग खोल्या भाड्याने देण्याच्या ॲपवर जाहिरात. तीही तिनेच लिहिली : 'पेशव्यांच्या पुण्यात, शंभर वर्षांहून जुन्या वाड्यात निवांत मुक्काम. सगळं चालण्याच्या अंतरावर.' मी 'निवांत' या शब्दाला हरकत घेतली. तिने माझ्या उत्तरं देण्याच्या पद्धतीला घेतली. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं होतं, 'नाश्ता मिळेल का?' मी लिहिलं, 'नाही.' दुसऱ्याने विचारलं, 'गाडी लावायला जागा?' मी लिहिलं, 'नाही.' तिसऱ्याने विचारलं, 'थोडं लवकर आलो तर चालेल?' मी लिहिलं, 'किती लवकर ते लिहिलेले नाही. नाही.' मला हे स्पष्ट, सौजन्यपूर्ण आणि वेळ वाचवणारं वाटत होतं. ॲपला वाटलं नाही. मुलीने नियम घालून दिला की माझं कुठलंही उत्तर 'नाही'ने सुरू होता कामा नये. तो शब्द वापरायचाच असेल तर 'हरकत'च्या नंतर. छप्पन्नाव्या वर्षी मी मातृभाषा नव्याने शिकलो.

पाट्यांचंही तसंच झालं. खोलीत मी चौदा सूचना लॅमिनेट करून लावल्या होत्या. गिझर, पंखा, टॉवेल, चौकातली तुळस, तुळशीला वाळत न घालायचे कपडे, असं एकेक. मुलगी दिवाळीला आली आणि दहा काढून माळ्यावर टाकून गेली. उरलेल्या चारांत तिने 'कृपया' घातलं. महिनाभरात मुंबईचं एक जोडपं आलं, खोली पाहिली, चेहरे पडले. म्हणाले, "पुणेरी पाट्या कुठेयत? आम्हाला वाटलं होतं पाट्या असतील." मी चार दाखवल्या. "या नाही हो. त्या... अपमान करणाऱ्या." म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याबद्दल आम्हाला नावं ठेवली, तो आता आमचा सांस्कृतिक वारसा झाला आणि २,८०० रुपयांत धरलेला निघाला. मी माळ्यावरून दहाही पाट्या काढल्या. पण ठरवून अपमान करायला बसलं की तो जमत नाही, हेही तेव्हाच कळलं. शेवटी काकूंकडे गेलो. खोलीची चौकट जुनी, बुटकी. उंच माणसाचं कपाळ तिथे हमखास बसतं. काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं, "लिही. डोके आपले, चौकट आमची. दोन्ही जपा." या पाटीचे आजवर वाड्यापेक्षा जास्त फोटो निघालेत.

'सगळं चालण्याच्या अंतरावर' हे वाक्य खरंच आहे. केसरीवाडा हाकेच्या अंतरावर, विश्रामबागवाडा दहा मिनिटांवर, तुळशीबाग त्याच्या पलीकडे, मंडई वीस मिनिटांवर. अंतराची अडचण नाही. अडचण चालण्याची आहे. पेठेत पदपथ असतो, पण त्यावर चालणं ही त्याच्या अनेक उपयोगांपैकी एक गोष्ट. आधी तिथे दुचाकी लागतात, मग रसवंती, मग महावितरणची पेटी, मग उरलेल्या जागेत एक काका उभे राहून दुसऱ्या काकांना महापालिकेचं कसं चुकतं ते सांगतात. ११ डिसेंबर हा दिवस महापालिका पादचारी दिन म्हणून पाळते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. उरलेले ३६४ दिवस कोणाचे ते वेगळं सांगायला नको. मी तो सोहळा पाहायला गेलो होतो. पुष्कळ लोक आले होते. त्यातले बरेच दुचाकीवरून आले होते आणि शेजारच्या गल्लीत पार्किंग शोधत होते.

पावसाळ्यात आणखी मजा. डेक्कनला उतरलेला पाहुणा फोनमधला नकाशा बघून चालत निघतो. नकाशा त्याला सरळ भिडे पुलावर आणतो. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असलं की पूल तिथेच असतो, फक्त पाण्याखाली. एकदा चेन्नईच्या एका गृहस्थांनी तिथून फोन केला : "नकाशा म्हणतोय सात मिनिटं." मी म्हटलं, "हरकत नाही," आणि पुढे काय बोलावं ते सुचेना.

पण खरी परीक्षा पत्ता सांगण्यात आहे. घराचा क्रमांक आम्ही पोस्टमनलाही सांगत नाही. आम्ही देव सांगतो. पत्र्या मारुतीवरून या, माती गणपती ओलांडू नका. एक फ्रेंच बाई राहायला होत्या, निवृत्त शिक्षिका, हातात वही. त्यांनी विचारलं, या देवांना अशी नावं का? मी माझ्या बँकेच्या इंग्रजीत सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. हा जिलब्या मारुती, याचा संबंध जिलबीशी. हा उपाशी विठोबा, म्हणजे विठोबा आहे आणि उपाशी आहे. हा पासोड्या विठोबा, तिथे पासोड्या विकायचे. हा डुल्या मारुती, हा डुलतो. भिकारदास मारुतीपाशी जरा अडलो, कारण भिकारदास हा म्हणे चांगला गडगंज सावकार होता. गुपचूप गणपती शनिवार पेठेत, का गुपचूप ते कोणी बोलत नाही. दाढीवाला दत्त. आणि हा खुन्या मुरलीधर. इथे त्यांनी पेन थांबवलं. मी घाईघाईने सांगितलं की खून देवाने केला नाही, देवळाच्या स्थापनेच्या वेळी म्हणे मारामारी होऊन रक्त सांडलं, त्यावरून नाव पडलं. त्यांनी वहीभर नजर फिरवली. एक भुकेला, एक डुलणारा, एक गप्प बसलेला, एक खुनी. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत अत्यंत गंभीरपणे विचारलं, "आणि हे सगळे चालण्याच्या अंतरावर राहतात?"

शनिवारवाड्याला गेलेले पाहुणे चाळीस मिनिटांत परत येतात. चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव. "दरवाजा सुरेख आहे, तटबंदी सुरेख आहे, पण वाडा कुठाय?" वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळला. आग सात दिवस धुमसत होती. आत आता जोती आहेत, हिरवळ आहे आणि त्या हिरवळीवर बसलेली कॉलेजची जोडपी आहेत, जी इतिहासाकडे पाठ करून भविष्याचा विचार करत असतात. हे मला तोंडपाठ झालंय. तरी दर वेळी सांगताना उगाच अपराध्यासारखं वाटतं, जणू मीच काडी टाकली. एकदा एक दिल्लीकर म्हणाला, "म्हणजे बाहेरून भव्य, आत काही नाही." मी म्हटलं, आमच्याही वाड्याचं तेच आहे, फक्त आत काकू आहेत.

काकूंबद्दल जाहिरातीत अवाक्षर नाही, आणि लोक येतात ते काकूंसाठी. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो : पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार. मी चष्मा पुसून तो भरेपर्यंत सरकारने जे विचारायचं ठेवलंय ते काकूंनी सज्जातून विचारून झालेलं असतं. लग्न झालंय का, आई कोणाकडे असते, आई एकटी राहते आणि तू इथे फिरतोस? काकू मराठीतच बोलतात, पण थोड्या मोठ्याने, आणि समोरच्याला कळतं. कसं ते मला विचारू नका. एका कोरियन मुलीने त्याच रात्री आईला फोन लावला होता आणि रडत होती.

जिन्याच्या भिंतीवर, वरून चौथ्या पायरीशी, एक मळकट आडवी रेघ आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या; तेव्हाची ही रेघ. रंगारी आला की आम्ही तेवढा पट्टा सोडायला सांगतो. प्रत्येक पाहुण्याला काकू ती दाखवतात. पाणी कसं वाढलं, ओटीवरची खुर्ची आधी हलली आणि मग तरंगली, शेजारच्यांची म्हैस जिन्यात कशी अडकली, पितळेचा बंब चौकातून बाहेर कसा निघून गेला आणि जाताना दाराला कसा लागून वाजला. बंबाचा आवाज त्या करून दाखवतात. पाहुणे श्वास रोखून ऐकतात, फोनवर चित्रित करतात. हे सगळं खरं आहे. फक्त काकू या घरात लग्न होऊन आल्या १९७१ साली. पुराच्या वेळी त्या साताऱ्यात चौथीत होत्या. मी एकदा हे सांगायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या, "सासूबाईंनी सांगितलं ते मी सांगते. तू तर झालाही नव्हतास, तू कशाला मधे बोलतोस?"

आणि आता तो बेल्जियन. २०२५ ची अनंत चतुर्दशी शनिवारी होती. त्या दिवशी ॲपवर खोली बंद ठेवायची हे मी विसरलो. सकाळी निरोप आला : आज पोचतोय. माझं बोट आपोआप 'ना'वर गेलं होतं, मी ते मागे घेतलं. लिहिलं, 'हरकत नाही, पण आज मिरवणूक आहे, रस्ते बंद आहेत, चालत यावं लागेल.' तो म्हणाला, 'छान. वाचलंय मी. सगळं चालण्याच्या अंतरावर आहे.'

पुण्याची विसर्जन मिरवणूक मंडईतून टिळक पुतळ्यापासून निघते, लक्ष्मी रस्त्याने येते आणि अलका चौकाकडे जाते. मानाचे पाच गणपती आधी : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मग बाकीचे, दुसऱ्या दिवसापर्यंत. हल्ली एकूण तीस तास लागले तरी कोणाला नवल वाटत नाही. बेल्जियन मेट्रोने मंडईला उतरला. एरवी तिथून आमच्याकडे वीस मिनिटं. त्याने गल्ल्यांतून यावं म्हणून मी त्याला सात देवांची नावं पाठवली होती.

दुपार झाली, पत्ता नाही. फोन लागेना. आम्ही टीव्ही लावून बसलो होतो. पेठेतला माणूस मिरवणूक घरातून तीनशे मीटरवर असताना टीव्हीवर बघतो, कारण तिथे नीट दिसते. काकू खाली आल्या होत्या, वाटीत शेंगदाणे घेऊन. ढोल-ताशा पथकाचं दृश्य चाललं होतं. पांढरे झब्बे, भगवे फेटे, टिपरू वर-खाली. काकू एकदम पुढे झुकल्या. "अरे, हा तुझा पाहुणा नव्हे?"

तोच होता. सगळ्यांहून दीड फूट उंच, डोक्यावर कोणीतरी बांधलेला फेटा, कपाळाला टिळा. पाठीवरची पिशवी नव्हती. ती मागे दोन मुली ढोलासारखी दोन बाजूंनी धरून आणत होत्या. हा हातात झांज घेऊन, जीभ दातात धरून, लाकूड तासणाऱ्या सुताराइतक्या एकाग्रतेने वाजवत होता. बायको म्हणाली, "चुकतोय." काकू म्हणाल्या, "ताल चुकतोय, पण थांबत नाहीये, बघ."

तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. पायांना फोड, घसा बसलेला. चौकटीशी आल्यावर पाटी वाचून वाकला. एवढा शिस्तीचा पाहुणा आम्हाला कधी मिळाला नव्हता. काकूंनी घंगाळात कोमट पाणी आणि मीठ घालून त्याचे पाय त्यात ठेवायला लावले. मी विचारलं, बाबा रे, मधून गल्ल्या होत्या, देव पाठवले होते, इतके तास त्या गर्दीबरोबर का चाललास? तो बसक्या आवाजात म्हणाला की पुढे पाच देव रांगेत होते. मधून घुसून पुढे जाणं बरं दिसलं नसतं.

लक्ष्मी रस्त्यावर रांग मोडू नये असं वाटलेला इतिहासातला पहिला मनुष्य आमच्या घंगाळात पाय सोडून बसला होता. काकूंनी त्याला दुसऱ्यांदा भात वाढला.

त्याचं परीक्षण पंधरवड्याने आलं. पाचपैकी पाच तारे. मुलीने फोनवर वाचून दाखवलं. खोली, छत, पाटी, वर राहणाऱ्या बाईंचा भात. आणि शेवटी, रात्री ढोल वाजत होते तरी त्याला झोप लागली ती चौकातल्या नळाच्या आवाजाने. थेंब, मग शांतता, मग थेंब. जुन्या घड्याळासारखा. इतकी गाढ झोप त्याला वर्षभरात लागली नव्हती. त्यानंतर आलेल्या दोघांनी नळ ऐकू येतो ना, असं आधीच विचारून घेतलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "नळ दुरुस्त करू नका."

अडतीस वर्षांत प्रथमच मालकपक्षाला कायदेशीर आधार मिळाला होता. मी जिना चढून काकूंना सांगितलं की चौकातला नळ आता वाड्याच्या आकर्षणात मोडतो, त्यामुळे त्याला हात लावता येणार नाही. काकू पंचांग बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे सत्याऐंशीपासून आम्ही फुकट ऐकतोय होय. मग ऐकल्याचे पैसे भाड्यातून वळते करायला हवेत."

पाहुण्यांच्या खोलीत मुलीने एक अभिप्रायाची वही ठेवली आहे, कापडी बांधणीची. त्यात फ्रेंच आहे, कोरियन आहे, कोणी मांजराचं चित्र काढलंय. या महिन्याच्या पाच तारखेला काकू लिफाफा घेऊन आल्या, मी पैसे मोजत होतो तोवर त्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा वही उघडीच हातात होती. शेवटच्या पानावर निळ्या शाईत, शाळेतल्यासारखं ठळक अक्षर :

'मुक्काम १९७१ पासून. खोली हवेशीर. शेजार चांगला, पण रोज बदलतो. मालक बोलायला वडिलांपेक्षा बरे. नळ जैसे थे. तारे ३. चौथा तारा वादग्रस्त असल्याने वगळून.'

खाली सही, तारखेसह. मी मान वर केली तर काकू जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी हात पुढे करून उभ्या होत्या.

"वाचलंस ना? आता पावती दे."